कॉम्प्युटर नाही, असं मीच कळवलं

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी पुण्याच्या एका सरकारी कचेरीला इंग्रजीत पत्र पाठवून कळवलं होतं, की आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नाही. खाली माझी सही, आणि सहीखाली ‘सेक्रेटरी, गणित मंडळ’ असा जांभळा शिक्का. तो शिक्का मी हट्टाने करून घेतला होता आणि दिसेल त्या कागदावर उमटवत असे. एकदा लायब्ररीच्या पुस्तकावर उमटवला म्हणून दंडही भरला. कॉम्प्युटर नाही म्हणे! होता की. माझ्या डाव्या हाताला बसायचा, दोन वेण्या घालून यायचा, आणि मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी खायचा. कोकिळा त्याचं नाव.

तिला जाऊन आता पाच आठवडे होतील. शहाद्याहून तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. “मावशी, आई गेली,” तो म्हणाला. मी म्हटलं, “बरं.” बरं! एवढं आयुष्य पोरांना शिकवून तोंडातून निघालं ते हे. फोन ठेवला, मेथी पुरी केली, मग टाकलेल्या काड्या परत निवडल्या. रडू येईल म्हणून जरा थांबले, तोंड धुऊन आले, पुन्हा बसले... नाही आलं. अजूनही आलेलं नाही. लोकांना वाटतं म्हातारी खंबीर आहे. खंबीर कसली. कुशीखाली दबलेला हात बधिर होतो ना, तसं काहीतरी झालंय. मुंग्या यायच्या बाकी आहेत.

साठीच्या दशकातली गोष्ट. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, धुळे जिल्ह्यातला तालुका होता, आणि आमचं कॉलेज इतकं नवं की भिंतींचा चुना पदराला लागायचा. गणिताला मुली दोनच. मी शाळामास्तरांची शालिनी, म्हणजे जन्मतःच शहाणी. कोकिळा तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याची. घरात गुजरी बोलायची, माझ्याशी अहिराणी, सरांशी पुस्तकातलं मराठी. आकड्यांशी बोलायला मात्र तिला कुठलीच भाषा लागत नसे. सर फळ्यावर बेरीज मांडत असताना ती खिडकीबाहेर बघायची, आणि सरांनी रेघ ओढली की उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं.

आमच्या गणिताच्या सरांनी मंडळ काढलं होतं. दर शनिवारी दुपारी जमायचं, कुणीतरी एखादं कोडं घालायचं, महिन्याला एक भित्तिपत्रक लावायचं, वर्षातून एकदा बाहेरचा पाहुणा बोलवायचा. सेक्रेटरी मी, कारण माझा आवाज मोठा. अक्षर आणि अक्कल कोकिळेची. मंडळाच्या मालकीची वस्तू एकच, हाताने फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र. सरांनी ते कुठल्याशा कॉलेजातून जुनं मिळवलं होतं. बाजूला दांडा, तो गरगर फिरवायचा. म्हणून आम्ही त्याला शेवयांचं मशीन म्हणायचो. भागाकार करताना त्यात संख्या वजा करत जायचं. एक फेरा जास्त झाला की आतली घंटी टिंग करून वाजायची, की समजायचं आपण शून्याच्या खाली गेलो. मग दांडा एकदा उलटा फिरवायचा, चूक मिटली. दांडा तेवढा ढिला होता. मध्येच हातात यायचा.

स्नेहसंमेलनात आम्ही ‘कोकिळा विरुद्ध मशीन’ असा सामनाच ठेवला. दांड्यावर मी. प्राचार्यांनी आकडे सांगायचे, मी ते बसवून फिरवायचं, कोकिळेने हात पाठीमागे बांधून तोंडी करायचं. शेवटचा आकडा मी बसवतेय तोवर तिने उत्तर सांगितलं, आणि माझ्या हातात दांडा आला. सभागृह लोळलं हसून. त्याच संमेलनात पाहुण्यांनी सांगितलं, की मुंबईला आता या हॉलएवढं यंत्र आलंय, आपोआप हिशेब करतं, त्याला कॉम्प्युटर म्हणतात. मी तो शब्द वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझं त्या विषयाचं ज्ञान तिथे सुरू झालं आणि तिथेच संपलं.

कोकिळेच्या आप्पांनी तिला पदवीपर्यंत शिकू दिलं हेच गावाला जास्त वाटत होतं. शेवटच्या वर्षी ते सरांना भेटायला आले. सर म्हणाले, पुण्याला हिला नोकरी मिळेल, मामाही तिथेच आहे, मी लिहून बघतो. आप्पांनी टोपी सारखी केली, जरा विचार केला आणि म्हणाले, “पत्र उनं तं पुनं, नही उनं तं लगन.” वैशाखातला मुहूर्त म्हणे त्यांच्या मनात होता. त्या दिवसापासून कोकिळा रोज पोस्टमनची वाट बघायची. मला सांगायची नाही, पण मला कळायचं. सायकलची घंटा वाजली की तिची पेन्सिल थांबायची.

आणि पत्र आलं. सर परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेले होते, पाकिटावर ‘गणित विभाग’ लिहिलेलं, म्हणून मी सेक्रेटरीच्या रुबाबात फोडलं. आत टाइप केलेल्या चारच ओळी. आमच्या कार्यालयाला कॉम्प्युटर हवे आहेत, आपल्या विभागात योग्य असल्यास पंधरा दिवसांत तपशील कळवावा. मी खो खो हसले. कोकिळा शेजारी बसून अक्राणी तालुक्यातल्या पावसाच्या सरासऱ्या काढत होती, भित्तिपत्रकासाठी. तिला म्हटलं, “ऐक वं, पुण्याचे लोक नंदुरबारला कॉम्प्युटर मागताहेत!”

ती हसली नाही. म्हणाली, “शाले, येवढं मोठं मशीन त्या आपलाकडे कसाले मांगतीन? पुरं पत्र दखाड ना मले.”

मी दाखवलं नाही. काय म्हणाले, ते लिहायलाही आज लाज वाटते: मंडळाचा पत्रव्यवहार गोपनीय असतो. वर तिलाच म्हटलं, तुझं अक्षर चांगलं आहे, मी सांगते तसं लिही. तिने लिहिलं. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, की कळवण्यास खेद वाटतो, आमच्याकडे कॉम्प्युटर नाही. हाताने फिरवायचं एक यंत्र आहे, त्याची घंटी चालू स्थितीत असून दांडा ढिला आहे. माझ्या इंग्रजीतली चूकसुद्धा तिने लिहिता लिहिता सुधारली. मी शिक्का मारला, थोडा जास्तच दाबून.

पुढचं लगेच सांगत नाही. सांगवत नाही असं समजा.

लग्न वैशाखात झालं. शहाद्याजवळच्या गावात, केळी-कापसाचं चांगलं घर. मी मास्तरीण झाले, ती सासरची झाली, आणि आमची मैत्री मात्र टिकली. दिवाळीनंतर एकदा मी तिच्याकडे, उन्हाळ्यात एकदा ती माझ्याकडे. सगळं बोलायचो, सासवा, सुना, गुडघे. पत्राचा विषय साठ वर्षांत तिने एकदाही काढला नाही. मीही नाही. दर वेळी एसटीत बसताना ठरवायची, आज म्हणायचं, कोकी, माझं चुकलं. शहाद्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत शब्द तयार असायचे. तिच्या ओट्यावर चहा घेईपर्यंत निवलेले असायचे.

गेल्या दिवाळीला गेले ती शेवटची भेट. तिची नात ईशा कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्हा दोघींच्या मध्ये बसून मोबाइलवर दाखवत होती, आमच्या कॉलेजात कोडिंगचा क्लब आहे, रात्रभर चालणाऱ्या स्पर्धा असतात, दुसऱ्या वर्षापासून कंपन्या स्वतःच कॅम्पसवर मुलं शोधायला येतात. मी नको तितकी मान हलवत होते. ईशाने विचारलं, “आजी, तुमच्या वेळी असं काही असायचं का गं?”

कोकिळा सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, “एक व्हतं ना मंडळ. त्यानी शिक्रेटरी आठेच बठेल शे, तिले इचार.”

आता सांगेल, आता सांगेल म्हणून मी बसून राहिले. तिने सुपारी माझ्या हातावर ठेवली आणि नातीला विचारलं, तुमच्या क्लबात मुली किती. संपलं. मी त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं...

तेराव्याला गेले होते. स्वयंपाकघराच्या फळीवर तिचं शेवयांचं मशीन दिसलं, खरंखुरं, शेवयांचं. सहज दांड्याला हात लावला, तर लटलट हलत होता. सुनेला म्हटलं, हा कसून घे गं, कुणाच्या पायावर पडेल. ती म्हणाली, “किती वेळा म्हटलं मावशी, आई कसूच देत नव्हत्या. असाच राहू दे म्हणायच्या.” मी हात काढून घेतला. रडू तेव्हाही आलं नाही.

तर, राहिलेलं सांगते. पुण्याचं उत्तर आलं तेव्हा सर परत आले होते. विभागात आम्ही दोघी होतो, कोकिळा मशीनवर पावसाचे आकडे फिरवत होती. सरांनी पत्र वाचलं, माझ्या पत्राची हकिकत विचारली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, “शालिनीबाई, तिथे कॉम्प्युटर म्हणजे माणूस. आकडेमोड करणारा माणूस. त्या पदाचं नावच तसं आहे. मी कोकिळेसाठी लिहिलं होतं, त्याचं उत्तर होतं ते.” जागा भरल्या होत्या. मी शिक्का पदराखाली लपवला, का कोण जाणे. कोकिळेचा हात थांबला नाही. दांडा फिरत राहिला, घंटी वाजली, तिने एक फेरा उलटा दिला, उत्तर वहीत उतरवलं, त्याखाली पट्टीने रेघ मारली. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

“शाले, आपन खोटं नही लिखं. दांडा खरंच ढिला शे.”