वाटणी काकी आल्यावर

आमच्यात किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते कोंबड्यांसारखे दिवसभर कुठंकुठं उंडारतात आणि दिवेलागणीला आपोआप अंगणात जमतात. (आप्पांच्या कोंबड्या सोडून. त्यांचं पुढं येईलच.)

मी शिकायला पार नेदरलँडला होते. तिकडं दुकानातल्या प्रत्येक अंड्यावर शिक्का असायचा, पण कोंबडीचा आवाज कधी कानावर पडला नाही. पहाटे जाग आली की मी उगाच कान देऊन पडून राहायचे. शेवटी परत आले, थेट गावी, निमोण्याला. शेजारच्या सुमनकाकीनं स्वागत केलं, "एवढं शिकून कोंबड्या पाळणार? बरं झालं बाई, मला एकटीला करमत नव्हतं!"

मग आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, 'परसातली मंडळी'. शिरूरपासून दौंडपर्यंत ज्याच्या दारात चार कोंबड्या आणि एक शेवगा, तो मेंबर!

०

पहिल्याच आठवड्यात मी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. परसबाग, स्वावलंबन, मातीशी नातं... पाच मिनिटं मनापासून बोलले. म्हटलं, आता कौतुक येईल.

दौंडच्या मामांचा मेसेज आला. मामा रेल्वेतून रिटायर झालेले, मोजकंच बोलणारे.

"पोरी, भाषण झालं आसंल तर व्हिडिओत तुझ्या मागं बघ. कोंबड्यांनी कोथिंबीर संपवत आणली."

०

काकीचा एक नियम होता, कोंबडीला नाव ठेवायचं नाही. मी माझ्या तर ठेवलीच, तिच्याही कोंबड्यांना ठेवली. एकदा तिच्याकडं तिच्या मालकांचे, म्हणजे आमच्या आप्पांचे, दाजी जेवायला आले. आप्पा अंगणातून ओरडले, "अगं, पाहुण्यांला कोण कापू? कस्तुरी का लाडाबाई?"

दाजी हात धुवत होते. ते थबकले. "माझा आज सोमवार हाय."

"दाजी, आज बुधवार!"

"आसंना. मी सोमवारच धरतो."

पिठलं-भाकरी झाली. कस्तुरी दाजींच्या पायाशी बसून भाकरीचे तुकडे टिपत होती.

०

मामांकडं एक झकास गावरान जात होती. मला तिची अंडी उबवायला हवी होती. मामा म्हणाले, "पार्सल नगं, गचके बसत्यात. मीच येतो." अंडी भुशात ठेवून, वरून सुनेकडची जुनी दुपटी गुंडाळून, गाठोडं छातीशी धरून मामा दौंडहून एसटीत बसले. बस खच्चून भरलेली. बसलेल्या एका आजींना दया आली.

"द्या इकडं लेकरू. दमला आसाल."

मामांनी दिलं. खड्डा आला की आजी थोपटायच्या. न्हावरे आलं तसं त्यांनी तोंड बघायला दुपटं उचललं.

"अगं बाई! ह्यो तर अजून जन्मायचाय!"

०

आणि मग काकी गेली. पुण्याला, अकराव्या मजल्यावर. लेकाला मूल झालं, सून नोकरीला, सांभाळणार कोण? आप्पा गुरांपायी मागंच राहिले. जाताना तिनं आपली लाडाबाई माझ्या हातात दिली. "अर्धलीनं घे. तू सांभाळ. पिल्लं निघतील त्यातली निम्मी तुझी, निम्मी माझी. वाटणी मी आल्यावर."

पिल्लं निघाली. मोठी झाली. त्यांनाही पिल्लं झाली. काकी काही आली नाही. अंगण नुसतं भरून गेलं. मी एकदा आप्पांना म्हणाले, "वाटून टाकू का? निम्म्या तुमच्याकडं सोडते."

आप्पा घाईनं म्हणाले, "नगं नगं. वाटणी झाली तर ती कशाला यील?"

मला ते पटलं. मी आजवर वाटणी केलेली नाही.

०

आप्पांची अडचण वेगळीच होती. आमच्याकडं उसात बिबट्या, त्यामुळं उजेड आहे तोवरच कोंबड्या खुराड्यात जायला हव्यात. पण त्या काकीच्या हाकेच्या. आप्पांनी बोलावलं की शेवग्यावर चढून बसायच्या! शेवटी रोज सांजच्याला व्हिडिओ कॉल. आप्पा मोबाइल खुराड्याच्या तोंडाशी धरणार, आणि पुण्याहून काकी, "या गं बायांनो, ती ती ती ती!" की सगळ्या आत.

एकदा फोन लागला तेव्हा काकी लिफ्टमध्ये होती. वेळ तर टळून चालणार नाही. तिनं तिथंच सुरू केलं, "या गं बायांनो, ती ती ती!" लिफ्टमधली पोरं भिंतीला चिकटली. एक म्हाताऱ्या बाई मात्र पुढं झाल्या.

"तुमचं गाव कुठलं?"

दोघींचे मजले येऊन गेले. कुणी उतरलंच नाही.

०

गेल्या महिन्यात काकी आली. लेक, सून, रांगता नातू, सगळे आले, पण फक्त शनिवार-रविवार. आप्पांनी अंगण दोनदा झाडलं होतं. दाढीही केली होती.

रविवारी चहा पिऊन काकी पदर खोचून उठली. "चल गं, वाटणी करून टाकू. मला परत कवा यायला जमतंय!"

 आप्पा उठून गोठ्यात गेले.

काकीनं मुठीत ज्वारी घेतली आणि अंगणात उभी राहून हाक दिली, "या गं बायांनो, ती ती ती ती!"

परसातून, कुडामागून, माझ्या कोथिंबिरीतून कोंबड्या धावत सुटल्या. आणि त्यांच्याही पुढं, ओसरीवरून उतरून, दोन्ही हातांवर सपसप रांगत नातू!

सून हसून काकीला म्हणाली, "आत्या, फ्लॅटमध्ये हा असाच येतो. नावानं हाक मारली तर बघत पण नाही!"

आम्ही पोट धरून हसत होतो. तेवढ्यात गोठ्यातून आप्पा आले. हात शेणाचे. येऊन कोंबड्यांच्या मागं उभे राहिले.

"तुम्हाला न्हाई बोलावलं," काकी म्हणाली.

"व्हय?" आप्पांनी एकदा कोंबड्यांकडं बघितलं, एकदा नातवाकडं. "मंग मी कुणाच्या वाट्याला?"

काकीची मूठ उघडेना. कोंबड्या माना वर करून वाट बघत होत्या.