भाजी आणायचे बूट

बुटांचं आणि माझं जन्माचं वाकडं आहे. दाराशी काढलेला बुटांचा ढीग नुसता पाहिला तरी मी नाकाला पदर लावते. आणि माझ्याच नशिबी असा दीर आला, ज्याचं सगळं सुखदुःख एका बुटाच्या जोडापाशी येऊन अडकलं.

भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात, पाणीखात्यात आहेत. आधी ते कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर होते. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि घरी येऊन भिंतीकडे बघत जेवायचं. माणूस नुसता सुकत चालला होता. मग टेकडीवरच्या टाकीची राखण करायची जागा रिकामी झाली. ती कुणालाच नको होती, कारण वर जायचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि घसारा, स्कूटरसुद्धा चढत नाही. भावजींनी हातापाया पडून ती जागा मागून घेतली, जाड टायरांची सायकल घेतली आणि रोज वर जायला लागले. पाण्याची पातळी बघायची, व्हॉल्व्ह फिरवायचा, टाकीवरच्या लोखंडी जाळीवरून चालत फेरी मारायची. वर बोलायला कुणी नाही. बघता बघता त्यांच्या अंगाला मांस लागलं. त्या टाकीची किल्ली ते गळ्यात घालूनच झोपायचे.

घोडं अडलं ते पायांपाशी. चढावर पाय पेडलवरून सटकायचा आणि पेडलचे दात नडगीत घुसायचे. त्या जखमा मीच धुतल्यात, माती, पू, सगळं. शेवटी त्यांनी बूट अडकवायचे पेडल बसवून घेतले. त्यासाठीच्या बुटाच्या तळाला लोखंडाचा एक तुकडा असतो. तो पेडलमध्ये खट्कन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. पण तसले बूट घालून वर जाळीवर चालायचं कसं?

"चालायला एक साधा जोड वर ठेवा की," मी म्हटलं.

तोही ठेवून झाला होता. त्यात उंदरीण व्यायली आणि भावजींनी न बघता पाय घातला. पुढचं सांगत नाही. मी त्या दिवशी जेवले नाही.

म्हणून एकच जोड हवा होता, पेडललाही चालेल आणि जाळीवरही. दुकानात मी बरोबर गेले. एकटे गेले असते तर विकणाऱ्यानं त्यांच्या गळ्यात काहीही मारलं असतं. त्यानं आधी एका टोपलीतून मोजे काढून दिले. येईल त्या गिऱ्हाइकाला तेच. घामानं कडक झालेले, आत पाय नसतानाही पायाचा आकार धरून बसलेले.

"हे घालून बघा," तो म्हणाला.

"तू घालशील का?" मी विचारलं. तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

बूट मात्र चांगला निघाला. तपकिरी, लेसवाला, कुणाच्याही पायात असतो तसा साधा. तळ मऊ रबराचा आणि लोखंडाचा तुकडा रबराच्या आत खोल बसलेला, फरशीला लागतच नव्हता. भावजी दुकानभर चालले, जरासुद्धा आवाज नाही. स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसले, पाय अडकवला, टाच वळवली, सुटला. चेहरा उजळला माणसाचा.

"वहिनी, हेच घेऊ," ते म्हणाले.

तेवढ्यात कॅप्टन दुकानात शिरला. हा कुठल्याही सैन्यात नव्हता. रविवारी पोटाला चिकटलेले कपडे घालून चारपाच जणांना सायकलींवर फिरवतो, म्हणून कॅप्टन. नाकानं कांदे सोलणारा इसम. पण भावजींना तो कधीमधी "तू तर आमचा पहाडी वाघ" म्हणायचा, आणि भावजी हरभऱ्याच्या झाडावर. त्यानं बूट दोन बोटांत उचलला.

"हे काय घेतोयस? भाजी आणायला जायचे बूट आहेत हे. थांब, माझा रेसिंगचा जुना जोड देतो तुला. फुकट."

भावजींनी तो चांगला बूट खोक्यात परत ठेवला. मला दोघांचीही शिसारी आली.

कॅप्टनचा जोड घरात आला. पिशवीची गाठ सोडली आणि मी खिडकी उघडायला धावले. आत त्याच्या बोटांचे काळे ठसे, टाचेशी सोललेली कातडी चिकटलेली, आणि वास असा की नाकातून जाता जाईना. मी ते गच्चीवर नेऊन ब्रशनं घासले. काही उपयोग झाला नाही. शिवाय बूट भावजींना मोठे, आणि तळाचं रबर झिजून लोखंड बाहेर आलेलं. ते घरात चालले की फरशीवर टक टक व्हायचं.

"हे घालून जाळीवर चालणार तुम्ही?" मी विचारलं.

"कॅप्टन म्हणतात, सवय होते."

सवय व्हायच्या आधी बोटांच्या बेचक्यांत बुरशी झाली. मलम मी आणून दिलं, लावायला मात्र साफ नकार दिला.

एका दुपारी ओटा पुसून मी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. मागच्या दारानं भावजी आत आले. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता फाटका मोजा, घोटा रक्तानं माखलेला.

"वहिनी, ते पाणी पिऊ नका."

अर्धा पेला माझ्या पोटात गेला होता.

झालं होतं ते असं. पाणी तपासायला त्यांनी टाकीचं झाकण उघडलं होतं. जाळीवरून जाताना बुटाचं लोखंड जाळीच्या भोकात अडकलं आणि भावजी आडवे झाले. कठडा हाताला लागला म्हणून वाचले. बूट मोठा होता, त्यामुळे पाय निघाला. मग अडकलेला बूट ते दोन्ही हातांनी ओढत बसले. तो एकदम सुटला, हातातून उडाला आणि थेट टाकीत. अख्ख्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात कॅप्टनचा बूट. धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत बरंच पाणी खाली गेलं होतं. वर फोन लागत नाही, म्हणून ते तसेच उतरून आले होते.

मी बेसिनपाशी जाऊन ओकले.

आमचे हे सोफ्यावर लोळत होते. टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "गळ टाकून काढ बूट आणि गप्प बस. पाण्यात औषध असतंच. सांगायला जाशील तर परत खिडकीवर बसवतील."

बुटाची आली नव्हती एवढी किळस मला तेव्हा माझ्या नवऱ्याची आली. आणि भावजीही घुटमळले. गळ्यातली किल्ली मुठीत धरून उभे राहिले. खिडकीच्या नुसत्या नावानं त्यांचा चेहरा उतरला होता. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला, नळात उरलेलं पाणी बादलीत पडायला लागलं. भावजींनी तो आवाज ऐकला आणि पाणीखात्याच्या मॅडमना फोन लावला.

टाकी रिकामी करून घासून काढली. गावाला दोन दिवस पाणी नाही. मॅडमनी किल्ली काढून घेतली आणि भावजींना खिडकीवर बसवलं. म्हणाल्या, "जाळीत अडकणार नाहीत असे बूट आणा, माझ्यासमोर चालून दाखवा आणि किल्ली न्या." इतकं सोपं होतं. पण भावजी दुकानाकडे फिरकेनात. कॅप्टन काय म्हणतील, हेच पालुपद. उरलेला बूट भावजींच्याच टाळक्यात घालावा असं मला वाटायला लागलं.

पाणी बंद असल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भावजींचा डबा घेऊन कचेरीत गेले, तर खिडकीसमोर ही रांग. सगळ्यात पुढं कॅप्टन, पारोसा, केस चिकटलेले. खिडकीत कोण बसलंय ते बघून त्याला आणखीच चेव आला.

"कुठल्या गाढवानं टाकीत घाण टाकली रे? लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा. आम्ही ते पाणी प्यायलो, त्याचं काय?"

भावजी उठले. मला वाटलं, झालं, आता हे त्याचीच माफी मागणार. त्यांनी टेबलाखालून एक पिशवी काढली आणि टाकीतून काढलेला तो फुगलेला बूट खिडकीच्या फळीवर ठेवला.

"गाढव मी. बूट तुमचा," ते म्हणाले. "पाणी सगळ्यांनीच प्यायलं, कॅप्टन. तुम्हाला निदान वास तरी ओळखीचा लागला असेल."

मागच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. कॅप्टन एक पाऊल मागं सरकला. स्वतःच्याच बुटाला हात लावायची त्याची तयारी नव्हती.

संध्याकाळी भावजी भिंतीकडे न बघता जेवले. हात धुताना म्हणाले, "वहिनी, ते भाजी आणायचे बूट अजून असतील का हो दुकानात?"

"असतील," मी म्हटलं. "मोजे घरचे घ्या."