कोजागरीला न मावलेला चंद्र

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची मांडामांड आबा करतात. आबा म्हणजे माझे सासरे. कोयते, विळे, खुरपी, मोटारपंपाचे पाने, सासूबाईंचं शिवणयंत्र, आणि मी दुर्बीण घेतल्यापासून तीही, तिच्या कॅमेऱ्यासकट. आबांची एक रीत आहे. जोडलेलं हत्यार पूजेला ठेवायचं नाही. सुटं करायचं, पुसायचं, पाटावर एकेक भाग मांडायचा आणि प्रत्येक भागाला हळदकुंकू लावायचं. "वरीसभर राबतंय, येक दिस अंग मोकळं करू दे त्येला," म्हणतात. मी आधी कुरकुर करायचे, कारण दुर्बीण म्हणजे काही विळा नाही. पण आबांपुढे आमच्या कार्ला गावातलं कोणी बोलत नाही, मी तर सून.

यंदा मात्र त्यांनी ती मांडामांड हातांनी चाचपत केली. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली आहे. समोरचं ताट दिसतं, पण शेजारचा तांब्या दिसत नाही. नळीतून बघावं तसं बघतात. गाडी चालवणं सुटलं, बांधावर एकटं जाणं सुटलं, रात्री बॅटरी घेऊन भाताला पाणी दाखवायला जाणंही सुटलं. उरली होती ती दसऱ्याची मांडामांड. ती काढून घ्यायची घरात कोणाची छाती झाली नाही.

त्याच सुमाराला धूमकेतू आला. रोज संध्याकाळी पश्चिमेला, लोणावळ्याच्या अंगाला दिसणार असं जो तो सांगत होता. आबांनी लहानपणी एक पाहिला होता. भल्या पहाटे त्यांच्या वडिलांनी खळ्यावर झोपेतून उठवून खांद्यावर घेतलं होतं, आणि आभाळात झाडू टेकवून ठेवल्यागत तो दिसला होता, असं ते सांगतात. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला ठरलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवायला करतोय, आणि कधीकधी तीही जाते. आम्ही ऐकून बाहेर आलो. फाट्यावर एसटीतून उतरता उतरता आबा म्हणाले, "पोरी, डोळ्याला हात लावायच्या आदी तेवढा तारा दाखीव. मंग काय व्हईल ते हू दे."

"त्यात काय एवढं? लॅपटॉपवर हातभर मोठा करून दाखवते," मी म्हटलं. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. तोवर त्यांना मोबाइलवर लोकांचे फोटो दाखवून झाले होते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "ह्यो दुसऱ्याच्या आभाळातला हाय. आपल्या माळवदावरनं दिसतो का, ते बोल." आमच्या घराला माळवद नाही, साधी गच्ची आहे. पण आबांना ते कोण सांगणार?

आता गंमत अशी, की दुर्बिणीला स्वतःला काही कळत नाही. आपण आभाळात कुठे तोंड करून बसलोय हे तिला ठाऊक नसतं. म्हणून तिला लावलेल्या कॅमेऱ्याने आधी एक फोटो काढायचा. त्यातल्या ताऱ्यांची मांडणी लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या नकाशाशी ताडून बघतं आणि सांगतं, बाई, तू आत्ता इथे बघते आहेस. याला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. एकदा ते जुळलं, की 'धूमकेतूकडे जा' म्हटल्यावर मोटार घुर्रर्र करत बरोबर तिकडे वळते. लोणावळ्याच्या बंगल्यांचे दिवे आणि हायवेवरची धूळ यांच्यामुळे पश्चिमेला नुसता पिवळा गढूळ उजेड. नुसत्या डोळ्यांनी तिथे शुक्राशिवाय काही सापडत नव्हतं. त्यामुळे माझी सगळी भिस्त या जुळणीवर होती.

आणि जुळणी होईना. दसऱ्याच्या दुसऱ्या संध्याकाळी दुर्बीण जोडली, फोटो काढला, गोल चकरी फिरत राहिली आणि लाल अक्षरं आली, जुळणी झाली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हटलं, वेळ चुकीची असेल. ती बरोबर होती. गावाचे अक्षांश-रेखांश तपासले, तेही बरोबर. ताऱ्यांचा नकाशा अर्धवट उतरला असेल म्हणून मोबाइलच्या नेटवर पुन्हा उतरवायला लावला आणि तो उतरेपर्यंत धूमकेतू मावळून गेला. आबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. "गावली का?" एवढंच मधूनमधून विचारायचे. धूमकेतूला ते शेपटीमुळे बाईच समजत होते.

पुढची संध्याकाळ ढगांनी खाल्ली. त्याच्या पुढची माझ्या डोक्याने. कारखान्यातून आले ती तशीच गच्चीवर. तळेगावला माझं काम माप तपासण्याचं आहे, तयार नग घ्यायचा आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचा. त्या बाईला एक फोटो जुळवता येत नाही म्हणजे काय! फोकस मिळायलाही त्या दिवशी फार खटपट झाली, गुंडी कितीतरी जास्त फिरवावी लागली. दव पडलं असेल म्हणून सोडून दिलं. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. हौशी निरीक्षकांच्या गटावर विचारलं, तर एकाने लिहिलं, दुर्बिणीची फोकल लेंथ, म्हणजे ती किती रुंद आभाळ बघते ते ठरवणारा आकडा, सॉफ्टवेअरमध्ये बरोबर टाकली आहे ना? मी फणकाऱ्याने लिहिलं, आहे तीच आहे, कायमची तीच आहे. नवरा रात्रपाळीला जाता जाता म्हणाला, "राहू दे ना, नंतर बघू." नंतर म्हणजे कधी, हे त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, वडील त्याचेच होते.

मला भीती धूमकेतूची नव्हतीच. ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी सुटेल, आबा विचारतील, "दिवे का लावलं न्हाईत?" आणि घरातले सगळे दिवे चालू असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्याआधी एक तरी गोष्ट त्यांनी मागितली ती दिली असं व्हावं, इतकंच माझं म्हणणं होतं. आणि तेवढंही माझ्याने होत नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी आबांनी पुन्हा "गावली का?" विचारलं, तेव्हा मी खेकसले, "आबा, दर मिनिटाला विचारलं तर गावणार आहे का?" ते खुर्चीचा हात चाचपत उठले आणि एकटेच जिना उतरायला लागले. मी धावत जाऊन हात धरला.

कोजागरी उजाडली. दुसऱ्या दिवशी पुण्याला न्यायची पिशवी सकाळीच भरून ठेवलेली. संध्याकाळी सासूबाईंनी दूध आटवायला ठेवलं, वेलदोड्याचा वास गच्चीपर्यंत आला. पूर्वेला कान्ह्याच्या बाजूने चंद्र वर आला, हा मोठा, तांबूस. पश्चिमेला अजून उजेड होता. धूमकेतूला अवकाश होता. नुसतं बसवेना म्हणून दुर्बीण चंद्राकडे वळवली. म्हटलं, फोकस तरी ठीक करून ठेवू.

चंद्र पडद्यावर आला आणि मावेना. वरून कापलेला, खालून कापलेला. मी इकडे सरकवते, तिकडे सरकवते, पण एका बाजूला आत घेतला की दुसऱ्या बाजूने बाहेर. अगं बाई! गेल्या कोजागरीला याच दुर्बिणीतून, याच कॅमेऱ्याने काढलेला पूर्ण चंद्र खाली फ्रिजवर चिकटवलेला आहे, चहूबाजूंनी काळं आभाळ राखून. चंद्र तर वर्षात वाढला नाही. मग माझी दुर्बीण कमी बघायला लागली होती.

कॅमेरा उपसून त्याच्या तोंडावर बोट फिरवलं. पुढची काचेची कडी नव्हती. ती कडी दुर्बिणीची नजर रुंद करते. मी ती घेतल्या दिवसापासून कॅमेऱ्याला पिळून बसवलेली, त्यामुळे ती वेगळी वस्तू आहे हेच विसरले होते. ती नसली तरी कॅमेरा गपकन बसतो. सॉफ्टवेअर बिचारं मी सांगितलेल्या रुंदीचं आभाळ शोधत होतं आणि मी त्याला चिंचोळा तुकडा दाखवत होते. कशी जुळणार मांडणी?

दुर्बिणीची पेटी उलटी केली, पण कडी नाही. खाली पळाले. देव्हारा बघितला, सासूबाईंना विचारलं. त्या पळी हातात घेऊन म्हणाल्या, "मला काय ठावं? समदं ह्येंनीच सुटं केलं, ह्येंनीच उचललं. तुजं आपलं काखेत कळसा न् गावाला वळसा." मी तशीच परड्यातल्या खोलीत गेले. तिथे आबांचा पत्र्याचा डबा असतो. पंपाचे नट, जुने वायसर आणि त्यांच्या मोडक्या बॅटऱ्यांचे सुटे भाग. रात्री पाणी दाखवायला जायच्या त्या बॅटऱ्या. त्यांच्या तोंडाशी पिळायची कडी असते आणि कडीत काच. हात घातला आणि माझी कडी त्या कड्यांमध्येच सापडली. काचेवर हळदकुंकू वाळून बसलं होतं. आटे असलेली काचेची कडी बोटांना लागली, ती त्यांनी आपल्या बॅटरीची म्हणून आपल्या डब्यात जपून ठेवली होती.

मला रडू आलं. राग कोणाचा करायचा तेच कळेना. कापसाने काच पुसली, घाईत बोटांची हळद तशीच राहिली, आणि वर आले.

"काय बिगाडलं व्हतं गं?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा. सॉफ्टवेअर. त्या लोकांचंच काहीतरी."

कडी पिळली, फोटो काढला. चकरी फिरली. आणि जुळलं! हिरवी अक्षरं बघून मी ओरडलेच, "जुळलं आबा, जुळलं!" मोटार घुरघुरली, दुर्बीण चंद्राकडे पाठ करून लोणावळ्याच्या दिव्यांवर सरकली आणि थांबली. फोटोवर फोटो चढत गेले, तसा गढूळ उजेडातून एक पांढरा ठिपका आणि त्याच्या मागचा पिसारा वर आला.

आबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, तोंड अगदी जवळ नेलं. त्यांच्या नळीत एवढं सगळं एकदम मावत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून धूमकेतूच्या डोक्यावर ठेवलं. "हितं हाय व्हय," ते पुटपुटले आणि मान हळूहळू शेपटीवरून सरकवत चौकटीच्या कडेपर्यंत गेले. "हितनं म्होरं कुटं गेली?"

"चौकटीबाहेर गेली. दाखवते."

दुर्बीण शेपटीच्या अंगाने थोडी पुढे सरकवली. आबा पुन्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले. "अजून म्होरं न्हे." मी नेत राहिले. खालून सासूबाई दूध निवतंय म्हणून हाका मारत होत्या, कोणी हललं नाही. शेवटी पिसारा विरून नुसते तारे राहिले. "तवाच्यापरीस बारीक हाय," आबा म्हणाले, "पर तीच जात." आणि डोळे पुसले. मग चाचपत माझी बोटं हातात घेतली. त्यांनी ती चेहऱ्याजवळ नेली, नळीत धरली, उलटीपालटी करून बघितली. बोटांची टोकं पिवळी होती. अंगठ्याने त्यांनी ती हळद चोळून बघितली आणि हात सोडला.

जिना उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मधल्या पायरीवर थांबले. "पुढल्या दसऱ्याला मांडामांड तू कर."

मी रागावलेच. "मी नाही करणार. तुमचं काम आहे, तुम्हीच करायचं."

"डोळा ऱ्हायला तर."

"नाही राहिला तरी तुम्हीच," मी म्हटलं. "मी शेजारी बसून कुठलं काय ते सांगीन. आता उतरा, दूध गार झालं."