टबावरची हळद आणि हसनभाई

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टिंगल करणारा पहिला माणूस मीच. पाण्याच्या लाइनी टाकणं हे माझं काम... पाइपात हवा अडकली की आवाज येतो, एवढंच मला ठाऊक. तरीही हे लिहितोय, कारण त्या दिवशी माझी बायको सोबत होती आणि तिनेही तेच पाहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सानपाड्याला राहायचो. बेलापूरच्या टेकडीवर एका शेठचा बंगला होता, त्याची देखभाल माझ्याकडे. शेठनी परदेशातून गरम पाण्याचा टब मागवला होता — जकुझी! पांढरंशुभ्र ॲक्रिलिक, बोट लावायची भीती वाटावी असं. आता दसऱ्याला आपण पान्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याची पूजा करतो, मग टबानेच काय घोडं मारलं होतं? मी त्याच्या काठावर हळदीचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी पुसायला गेलो तर स्वस्तिक जागच्या जागी. साबण लावला तर हळद लाल झाली. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून चोळली, तर डाग तपकिरी होऊन आणखी पसरला. शेठ उद्या दुबईहून येणार... म्हटलं, गेली नोकरी!

माझी बायको संध्या डबा घेऊन आली होती. आठवा महिना तिचा, स्टुलावर बसून माझी फजिती बघत होती. खोलीच्या काचा कायमच्या बंद, एसी चालू म्हणून दारही लावलेलं. मी लादी धुवायच्या ॲसिडचा कॅन उचलला आणि त्याच बादलीवर वाकवला. ही दोन एकत्र झाली की विषारी गॅस सुटतो, हे मला माहीत होतं हो! पण टेन्शनमध्ये डोकंच चालेना.

तेवढ्यात दार उघडलं. हसनभाई! पनवेलला त्यांचं केमिकलचं दुकान, पावडर आणि ॲसिड मी त्यांच्याकडूनच घ्यायचो. साठीचे, डोक्यावर जाळीची टोपी.

"अरे, येडा झाला का तू? बादलीत पावडर हाय ना! पोरीला घेऊन आदी भायेर हो."

त्यांनी माझ्या हातातून कॅन काढून घेतला. मी संध्याला धरून अंगणात आलो... मागे वळून पाहतो तर ते नाहीत. कॅन फाटकापाशी ठेवलेला, झाकण घट्ट लावून.

वॉचमन म्हणाला, "सकाळपासून वहिनींशिवाय कोन आलाच नाय."

संध्याकाळी आभार मानायला पनवेल गाठलं. हसनभाई खाटेवर पडलेले — डोळ्यांवर पट्टी! आदल्याच दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचा मुलगा म्हणाला, "अब्बा कालपासून घराबाहेर पडलेच नाहीत." मी घडलं ते सगळं सांगितलं. हसनभाई आधी हसायला लागले. मग चाचपडत त्यांनी माझा हात धरला.

"पोरगी बरी हाय ना?"

"हो, बरी आहे."

"मग मीच आल्तो असं समज. डोक्याला ताप नको करून घेऊ."

बाहेर येऊन स्कूटरला किक मारली तेव्हा इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला.

दुसऱ्या दिवशी शेठनी डाग पाहिला, दोन शिव्या हासडल्या आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी पूजा फक्त पंपाची!" नोकरी वाचली.

पण तो आलेला माणूस कोण? उत्तर आजही नाही. भास म्हणावा, तर तो दोघांना एकदम कसा होईल? आणि कॅन तिथे कुणी ठेवला? आता मी शोधणंही सोडलंय.

महिनाभराने आम्हाला मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या तिने असा काही टाहो फोडला, की मी खोलीबाहेर उभा राहून ढसाढसा रडलो. नर्सला वाटलं, मी घाबरलो. म्हणाली, "अहो, रडू द्या तिला, श्वास चांगला आहे."

तिला काय सांगणार... मी त्या श्वासासाठीच तर रडत होतो.