चिचगडची मंडई आणि श्वास कोंडलेली गाडी

निमंत्रणपत्रिकेत सुलभाचं नाव माझ्या नावाच्या वर छापलं होतं. चिचगडला आपल्याच गाडीने जायचं आणि तिच्या आधी पोहोचायचं, हे मी पत्रिका हातात असतानाच ठरवलं.

ही गोष्ट २०१२ च्या दिवाळीनंतरची. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात त्या दिवशी घरोघरी पाहुणे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुपारी दंडार, म्हणजे नाच-गाणं-सोंगांचा खेळ. चिचगडच्या मंडईत दंडारीआधी एक भाषण असायचं. सलग सात वर्षं ते भाषण माझं होतं. त्या वर्षी गावकऱ्यांनी आम्हा दोघींना बोलावलं.

सुलभा माझी बावीस वर्षांची मैत्रीण. गोंदियाच्या कॉलेजात आमची टेबलं शेजारी शेजारी. मी बोलते तेव्हा लोक ताठ बसतात, ती बोलते तेव्हा लोक पुढे सरकून बसतात. हा फरक मला फार आधी कळला होता आणि तो मला कधीच पचला नाही. त्यात त्या वर्षी तिने नवी कोरी पांढरी डिझेल गाडी घेतली. आमची १९९६ सालची, पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरवाली.

माझा विषय नेहमीचाच. भानामती, अंगात येणं, नजर लागणं यांच्याविरुद्ध मी अर्धं आयुष्य घसा फोडला आहे. त्या वर्षी भाषणाला नाव दिलं होतं, ‘कोण सांगतो ते सोडा, काय सांगतो ते तपासा’.

दिवाळीला आम्ही तिरोड्याला सासरी होतो, तिथूनच सकाळी दहाला निघालो. गाडी तीन आठवडे घराच्या कोठ्यात उभी होती, नव्या धानाच्या पोत्यांच्या मधोमध. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तसा नेमच आहे. धान घरात आलं की गाडीच्या चारही अंगांना पोती लागतात. गाडी बाहेर काढायची तर आधी पोती हलवायची. गाडी चालवायला मी बसले, शेजारी हे.

तुम्ही याच वाटेने जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिरोडा ते गोरेगाव रस्ता अरुंद आहे आणि या दिवसांत धानाचे ट्रॅक्टर तुम्हाला पुढे जाऊ देत नाहीत. पेट्रोल गोरेगावलाच भरून घ्या, पुढे मुरदोलीच्या जंगलात पंप नाही की मिस्त्री नाही. तिथे दोन्ही बाजूंना साग आणि रस्त्यावर माकडांची बैठक. मन रमावं असा तो टप्पा, पण माझं अर्धं लक्ष मागच्या आरशात होतं. गोंदियाहून येणारी ती पांढरी गाडी अजून दिसत नव्हती म्हणून मी खूश होते.

मग एका साध्या चढावर गाडीचा दम गेला. इंजिन बंद पडलं नाही, आवाजही वेडावाकडा नाही. पाय खाली दाबला की नुसती घुसमट, वेग मात्र घटत घटत वीसवर. पाय उचलला की इंजिन शहाण्या मुलीसारखं शांत चालायचं.

“पेट्रोलमध्ये पाणी असेल,” हे म्हणाले.

“पंप कमजोर झालाय,” मी ठासून म्हणाले. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण ठासून बोलता येतं.

तेवढ्यात मागून हॉर्न. सुलभा! गाडी शेजारी आणून तिने काच खाली केली. “अगं, मागून काळा धूर सोडतेय तुझी गाडी! हवा मिळत नाहीये तिला. माझ्या जुन्या गाडीचं असंच झालं होतं. एअर फिल्टर उघडून बघ. नाहीतर चल माझ्याबरोबर, जागा आहे.”

“तू हो पुढे. येतो आम्ही.”

“नक्की?”

“सुलभा, हो पुढे!”

ती गेली. हे हळूच म्हणाले, “उघडून पाहायला काय जातं?”

“फिल्टर दिवाळीच्या आधी नवा बसवलाय,” मी म्हणाले. ते खरंच होतं. पण तो नवा नसता तरी मी उघडू दिला नसता, हेही तितकंच खरं.

रांगत रांगत कोहमाऱ्याच्या चौकात पोहोचलो तेव्हा बारा वाजले होते. तीन वाजता भाषण. ढाब्याला लागून रामेश्वर मिस्त्रीचं गाडीदुरुस्तीचं टिनाचं दुकान. त्याने बॉनेट उघडलं.

“काय होऊन राहिलं जी?”

मी निदान सांगूनच टाकलं. “पेट्रोल पंप गेलाय. तो बघा. आणि फिल्टरला हात लावू नका, तो नवा आहे.”

“मॅडम डॉक्टर आहेत का जी?” त्याने यांना विचारलं.

“नाही, भाषणं देतात.”

“हां, मंग बरोबर आहे,” म्हणून तो कामाला लागला.

पंप ठीक निघाला. पेट्रोलची नळी साफ निघाली. प्लग काढले तर चारही काजळीने काळे. ते त्याने माझ्या नाकासमोर धरले. “पेट्रोल पोहोचून राहिलं मॅडम, पण जळून नाही राहिलं. हवा कमी.”

“मग कार्बोरेटर बघा.”

सुलभाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनही मी मानले नाहीत. दरम्यान ढाब्यावरचे आलूबोंडे थंड झाले. घड्याळात पावणेदोन. मला डोळ्यांसमोर चिचगडचा मांडव दिसत होता आणि लोक पुढे सरकून बसलेले.

“कार्बोरेटर उघडाचा तर वरचा डबा काढाच लागते,” मिस्त्री म्हणाला. “आता नाही म्हणू नका जी.”

झाकण निघालं. आत धान होतं. चांगल्या तीन-चार ओंजळी, सोबत कोंडा, सुतळीचे तुकडे आणि सीटचा कुरतडलेला कापूस. कोठ्यातल्या उंदराने हवेच्या नळीतून आत शिरून आपली कोठी भरली होती. नवा फिल्टर त्या ढिगाखाली गाडला गेला होता.

मिस्त्री पोट धरून हसला. “काऊन जी, गाडीले धान चारता का तुम्ही?”

दहा मिनिटांत डबा साफ. फिल्टर झटकून बसवला, प्लग पुसले. मजुरी त्याने दीडशेच घेतली आणि वर सल्ला दिला, “कोठ्यात ठेवाल तं निघताना हा डबा पाहात जा.” गाडी पुढचा चढ पाखरासारखी चढली. देवरीपर्यंत ट्रकांच्या रांगा आहेत, तिथून चिचगडपर्यंत जंगलाचा एकेरी रस्ता. मी तो कसा चालवला ते यांना विचारा.

पोहोचले तेव्हा पावणेचार. दंडारवाले तोंडाला रंग लावून तयार, ढोलकी कुरकुरत होती. दंडार एकदा सुरू झाली की भाषण संपलं, मंडईत असाच नियम. मांडवात सुलभा बोलत होती. दाराशी एक बाई शिंगाडे सोलता सोलता शेजारणीला सांगत होती, “कवाची बोलून राहिली ही! दुसरी मॅडम येत परेंत दंडार सुरू करू देत नाही म्हणते.”

मला पाहताच सुलभाने वाक्य अर्ध्यावर सोडलं. “आल्या! आता खरं भाषण ऐका,” म्हणाली आणि उतरून पहिल्या रांगेत बसली.

मी बोलले. धानाची गोष्ट सांगितली. निदान कसं करावं, एकेक शक्यता कशी तपासावी, आणि अडाणी म्हणवला जाणारा कोहमाऱ्याचा मिस्त्री काजळीवरून कारण कसं ओळखतो. लोक हसले, आणि हो, पुढे सरकूनही बसले. सुलभाचं नाव मी घेतलं नाही. ते जिभेवर आलं होतं, मी गिळलं.

परत निघताना ती आपल्या गाडीपाशी उभी होती. ओढणीत शिंगाडे बांधले होते, त्यातले मूठभर माझ्या हातात दिले. म्हणाली, “मिस्त्री हुशार निघाला हो तुझा.”

एवढंच. पुन्हा तो विषय तिने कधीच काढला नाही.

ती गाडी आम्ही नंतर विकली. चिचगडची मंडई अजून भरते, जरूर जा, शिंगाडे तिथलेच खा. माझा हेवाही पुरता गेलेला नाही. सुलभाला टाळ्या पडल्या की मी अजून त्या मोजते. पण वीस वर्षं लोकांना सांगत आले, कोण सांगतो ते सोडा. म्हणून इथे लिहून ठेवते. निदान सुलभाचं होतं, धूर पाहून, चालत्या गाडीतून, एका क्षणात केलेलं. मांडवात हे सांगायला एक वाक्य लागलं असतं, आणि वाक्यांची मला कधी वाण नव्हती.