दुसऱ्या भागाच्या जागी तिसरा

मध्यंतर होऊन दहा मिनिटं झाली असतील. प्रोजेक्शन रूमच्या दारावर थापा पडल्या. उघडलं तर तीन माणसं. पुढच्या गृहस्थाच्या खांद्यावर दुपट्टा, चेहरा तापलेला.

"ऑपरेटर तुमीच का?"

"हाव."

"मंगाशी बापाची तेरवी झाली. आता तोच बाप पोरीच्या वरातीत नाचून राहिला. रीळ उलटंपालटं लावलं तुमी. आमाले येडं समजता का?"

मी सांगितलं की आता रीळ नसतं, सगळं कॉम्प्युटरवर चालतं, कंपनीकडून जसं येतं तसं दाखवतो. त्यांचा विश्वास बसला नाही. जाताना एक जण म्हणाला, "मंग कंपनी येडी असन." तिघंही सिनेमा अर्धा टाकून निघून गेले.

मी अकोल्यातल्या एका जुन्या थिएटरात एकतीस वर्षं ऑपरेटर आहे. ऑपरेटर म्हणजे पडद्यावर सिनेमा दाखवणारा माणूस. पूर्वी रिळांचे डबे यायचे, आणि क्रम चुकला तर शिव्या आम्हीच खायचो, त्या योग्यही असायच्या. आता सिनेमा वितरक कंपनीकडून हार्ड डिस्कवर येतो. तो आम्ही सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर चढवतो. मग प्लेलिस्ट बनवतो: आधी जाहिराती, मग सिनेमा, मध्यंतराची पाटी, उरलेला सिनेमा. बहुतेक सिनेमांचे दोन भाग येतात. हा लहान बजेटचा मराठी सिनेमा चार भागांत आला होता, दोन मध्यंतराआधी, दोन नंतर. सोबत शीट होती, कोणत्या नावाची फाईल कितव्या नंबरवर लावायची याची. मी शीटप्रमाणे लावलं.

गोष्ट साधी होती. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जीप चालवणारा बाप आणि त्याच्या दोन मुली. थोरलीचं लग्न होतं, बाप जातो, धाकटी जीप हातात घेते. दिग्दर्शिका परतवाड्याचीच, वैशाली नावाची तरुण मुलगी. तिचा पहिलाच सिनेमा. आपल्या भागातली मुलगी म्हणून शुक्रवारी बाया-माणसं हौसेने आली होती. निघाली ती कुरकुरत.

शनिवारी पेपरात आलं की दिग्दर्शिकेने हुशारी दाखवण्याच्या नादात गोष्टीचा गुंता केला आहे. शनिवारच्या तिन्ही शोला तेच झालं. मध्यंतरानंतर खुर्च्या वाजायच्या, लोक उठायचे. मी तो सिनेमा काचेतून चार वेळा पाहिला. मलाही कळेना. पण मी सिनेमा डोळ्यांइतकाच कानांनी पाहतो. रूममध्ये छोटा स्पीकर असतो, आवाज नीट जातोय की नाही ते तपासायला. पहिल्या भागाच्या शेवटी वरातीचा ताशा वाजत असतो आणि मध्येच तुटतो. लगेच तेरवीचं, म्हणजे बापाच्या तेराव्याचं, सुनं घर दिसतं. वाटलं, मुद्दाम केलं असेल. पण मध्यंतरानंतरची फाईल सुरू होते ती ताशानेच, तीही ठेक्याच्या अर्ध्यातून. कोणी ताशा अर्ध्यातून सुरू करत नाही. मी दोन्ही टोकं एकापाठोपाठ वाजवून पाहिली. ठेका जुळला. दुसऱ्या भागावर तिसऱ्याचं नाव पडलं होतं आणि तिसऱ्यावर दुसऱ्याचं.

रविवारी सकाळी कंपनीच्या मुंबईच्या कोऑर्डिनेटरला फोन लावला. थिएटरवाल्यांच्या तक्रारी रविवारीही ऐकणं हे त्याचं काम.

"काका, तो नॉन-लिनिअर सिनेमा आहे," तो म्हणाला. म्हणजे गोष्ट पुढेमागे सांगणारा. "लहान शहरांतल्या ऑडियन्सला जरा जड जातं."

"जड नाही साहेब, फाईलची नावं चुकली आहेत. ताशाचा ठेका ऐका."

"ताशा?" तो हसला. "तुम्ही शीटप्रमाणे चालवा ना. क्रम बदललात तर सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसेल. मग लेटर येईल."

त्याने फोन ठेवला. मी संतापलो. आमच्याकडच्या माणसाला चार भावांच्या वाटणीत कोणता धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोणाचा, हे तीन पिढ्यांपर्यंत तोंडपाठ असतं. त्याला एका बापाची आणि दोन मुलींची गोष्ट कळत नाही? दोन दिवस माणसं ओरडून सांगत होती की क्रम चुकला आहे. बरोबर सांगत होती. आणि मुंबईत त्याचा अर्थ लागला की यांना अक्कल नाही.

दिग्दर्शिकेचा नंबर माझ्याकडे नव्हता. माझा मावसभाऊ दिनकर परतवाड्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर आहे. त्याला सांगितलं. दोन तासांत तिच्या वडिलांचा नंबर आला. ते म्हणाले, "पोरगी घरीच हाय. कालपासून जेवली नाही. कोनाशीच बोलत नाही."

"मी अकोल्याहून बोलतो. तिचा सिनेमा मी दाखवून राहिलो. तिची चूक नाही, एवढं सांगा तिले."

ती फोनवर आली. मी काही समजावत बसलो नाही. म्हटलं, ऐक. फोन स्पीकरजवळ धरला. आधी पहिल्या भागाचा शेवट वाजवला, मग शीटप्रमाणे पुढची फाईल. मग पहिल्याचा शेवट पुन्हा, आणि लगेच मध्यंतरानंतरची फाईल.

"काका, शुक्रवारपासून असंच दाखवलं?"

"हाव."

"अमरावतीलाही?"

"शीट तीच असन तर तसंच."

"मला कंपनीने सांगितलं, लोकांना समजला नाही. मला वाटलं, मलाच गोष्ट सांगता येत नाही." तिने कंपनीच्या ऑफिसात फोन लावले, मेल केला. रविवार होता. कोणी उचलला नाही.

मी शेठकडे गेलो. शेठ म्हणजे आमचे थिएटर मालक. म्हटलं, उद्या बाराच्या शोला क्रम बदलतो.

"कंपनी लेटर पाठवन. उत्तर कोन देईन?"

"माझं नाव लिहा."

"बंडू, रिटायर व्हायले दोन वर्षं राहिली तुले. कायले झंझट घेतं?"

"शेठ, लोक मले येडं म्हणून गेले. मी नाही, ते नाही, ते पोरगीबी नाही. मंग येडं कोण, हे एकदा पाहू द्या."

शेठनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू मले काही सांगतलं नाही," आणि चहाला निघून गेले.

सोमवारी वैशाली वडिलांसोबत एसटीने आली. शेवटच्या रांगेत बसली. हॉलमध्ये एकोणीस माणसं. मी भाग एक, दोन, तीन, चार असे खऱ्या क्रमाने लावले. ताशा तुटला नाही. बाप वरातीत नाचला, धाकटीशी भांडला, मग तिला गिअर टाकायला शिकवलं. मध्यंतराला कोणी दारावर आलं नाही. मध्यंतरानंतर तेरवी आली तेव्हा हॉलमध्ये खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. एकोणीसच्या एकोणीस माणसं शेवटपर्यंत बसली. एक म्हातारी बाई बाहेर निघताना पदराने डोळे पुसत सुनेला म्हणाली, "बापानं शिकवलं म्हणून निभलं पोरीचं." तिला सगळं कळलं होतं. वैशाली पायऱ्या चढून वर आली. वाकून पाया पडली. तिचे वडील दारातच उभे राहिले.

इथे गोष्ट गोड करून थांबवता आली असती. पण अमरावतीच्या थिएटरने सिनेमा रविवारीच उतरवला होता. आमच्याकडेही पेपर वाचून लोक यायचे थांबले होते. गुरुवारी तो उतरला. दोन वर्षं राबून केलेला सिनेमा वऱ्हाडात नीट दिसला तो आमच्या थिएटरात, चार दिवस.

कंपनीचा मेल मंगळवारी आला. त्यात 'किरकोळ लेबलिंग त्रुटी' असे शब्द होते आणि सुधारलेली शीट होती. माफीचा शब्द नव्हता. बुधवारी दुसरा मेल आला. परवानगी नसताना सोमवारी प्लेलिस्ट बदलल्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला होता. मी एका ओळीत दिला: 'आपण मंगळवारी पाठवलेल्या शीटप्रमाणे सोमवारी सिनेमा दाखवला.' त्यावर पुन्हा पत्र आलं नाही.

तेव्हापासून मी कोणत्याही सिनेमाच्या सगळ्या फाईलींची टोकं आधी ऐकतो. अर्धा तास जातो. प्रेक्षकांना कळत नाही असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा फाईल तपासतो, प्रेक्षक नंतर. अजून एकदाही प्रेक्षक तपासायची वेळ आलेली नाही.