जाळी बसवण्याआधीचे सात महिने

दुसऱ्या सिझेरियनच्या व्रणाजवळ फुगवटा आला, तो मी दोन वर्षं पदराखाली झाकला. तेलंगणात गुडीहत्नूरजवळच्या एका मराठी शाळेत मी शिकवते. फळ्यावर लिहिताना खोकला आला की डाव्या हाताने पोट दाबून धरायची. आडवं झालं की फुगवटा आत जायचा, आणि मीही तो विसरायची. घरी कामं पडलेली असायची.

मग एक दिवस पाण्याचा ड्रम सरकवताना अशी कळ आली की मी तिथंच बसले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आदिलाबादला सर्जनकडे नेलं. डॉक्टर तेलुगू, पण पेशंटांशी बोलून बोलून मराठी शिकलेले. सोनोग्राफी पाहून त्यांनी सांगितलं की हर्निया आहे, ऑपरेशन करून आतून जाळी बसवावी लागेल, पण लगेच नको. माझं वजन ब्याण्णव किलो होतं, शुगरही वाढलेली. अशा वेळी जखम भरायला त्रास होतो, हर्निया परत येऊ शकतो. आधी दहाएक किलो उतरवा, म्हणाले. मात्र फुगवटा कडक झाला, आत जाईना किंवा उलट्या झाल्या, तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

नवऱ्याने विचारलं, हैदराबादला पोट लहान करायचं ऑपरेशन करतात, तेच करून टाकलं तर? डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही. काहींना ते खरंच लागतं, म्हणाले, पण त्यानंतर जन्मभर थोडंथोडं खावं लागतं, गोळ्या आणि तपासण्या सुटत नाहीत. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमी जेवता कधी?"

सकाळी चहा, शाळेत दोन बिस्किटं, आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात. पोरींच्या ताटातलंही मीच संपवायची. जाड झालीस, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. कधी जेवतेस, हे कोणी विचारलं नव्हतं. मी खाली मान घालून सांगितलं. नवरा शेजारी ऐकत होता.

डॉक्टरांनी आधी जेवणाची वेळ ठरवायला सांगितली. शाळेत जायच्या आधी भाकरी आणि वरण, संध्याकाळी लवकर जेवण, रोज चालणं. ऐकायला सोपं होतं. पहाटे उठून भाकरी थापायची, मैदानाला फेऱ्या मारायच्या, मग शाळा. तिसऱ्या महिन्यात काटा हललाच नाही. त्या संध्याकाळी मी भांडी आदळत होते.

"काऊन एवढी चिडून राह्यली?" नवऱ्याने विचारलं.

"चिडली नाही. थकली."

दुसऱ्या दिवसापासून पाणी तो भरू लागला. भाकरी मात्र मीच थापत राहिले.

सातव्या महिन्यापर्यंत नऊ किलो उतरले, शुगरही खाली आली. डॉक्टर म्हणाले, पुरे, आता करू. ऑपरेशन नीट झालं. तीन महिने जड उचलायला मनाई होती. त्या दिवसांत मी जेवढी झोपले तेवढी लग्नानंतर कधी झोपले नव्हते.

आता वर्ष झालं. हर्निया परत आलेला नाही. वजन मात्र तीन किलो वाढलं. परवा तपासणीत डॉक्टर रागावले नाहीत, चालणं सुटलं का एवढंच विचारलं. सुटलं होतं. कालपासून पुन्हा मैदानावर जाते. दोन फेऱ्या झाल्या की कट्ट्यावर बसते, मग तिसरी मारते.